मशीन थांबवून दिलेलं उत्तर

पितृ पंधरवड्यात नवे कपडे कुणी शिवायला टाकत नाही. घरी बसून ब्लाउज, परकर, फॉल-पिको करणाऱ्या मराठवाड्यातल्या बायांना वर्षातून जे थोडे मोकळे आठवडे मिळतात, त्यातले हे दोन. आखाडात लग्नतिथी संपत आलेल्या असतात, म्हणून तेव्हाही हात जरा रिकामा. घट बसले की मात्र दिवाळीपर्यंत मान वर करायला सवड नाही. एप्रिल-मे उजाडला की लग्नसराई आणि शाळेचे गणवेश एकदमच अंगावर येतात. कपड्याच्या धंद्यातल्या माणसांच्या अनुभवांवर संशोधन करायचं ज्याच्या मनात आहे, त्याने सगळ्यात आधी हे कॅलेंडर भिंतीवर लावावं. विद्यापीठाचं वेळापत्रक आणि निधी देणाऱ्यांचा मार्चएंड त्याच्याकडे आधीच असतो. त्या दोन्हींत शिलाईची लगीनघाई कुठंच लिहिलेली नसते.

नगावर मजुरी घेणाऱ्या बाईला प्रश्न विचारला की तिचं मशीन थांबतं. मशीन थांबलं की तिची मजुरी थांबते. तिच्याशी कसं वागावं याचे बहुतेक नियम एवढ्या एका गोष्टीतून निघतात असं मला वाटतं. उत्तर देणं हेही कामच आहे. त्याला वेळ लागतो, डोकं लागतं, कधी धाडस लागतं, आणि कधी त्याची किंमत उत्तर देऊन झाल्यावर चुकवावी लागते. ही किंमत आपण मोजलीच नाही, तर तिच्या शोषणावर लिहिलेला आपला अहवालही त्याच मापाने शिवलेला असतो.

मोकळ्या दिवसांत गेलं की झालं, असंही नाही. पितृ पंधरवड्यात ‘गेल्या आठवड्यात किती मिळाले?’ असं विचारलं, तर येणारा आकडा खरा असतो आणि तरी चुकीचा असतो. मे महिन्यातला आकडा उलट्या दिशेने तसाच फसवतो. म्हणून निदान दोनदा जायला हवं: सविस्तर बोलण्यासाठी मंदीत, आणि फक्त हिशोबाच्या पाच-दहा मिनिटांसाठी तेजीत. तेजीतल्या भेटीत बसायचं नाही. उभ्या उभ्या आज किती नग आले, किती गेले, रात्री किती वाजेपर्यंत मशीन चाललं, एवढं विचारून निघायचं. भारनियमनाची वेळही लिहून ठेवावी. मोटरवरचं मशीन लाइट गेली की बंद पडतं, त्या तासाभरात बाई मोकळी असते. पण लाइट आली की बोलणं जिथं असेल तिथं सोडायचं, ‘एवढं एकच विचारतो’ म्हणायचं नाही. आणि त्या तासात तिला स्वयंपाक उरकायचा असेल, तर तो तासही आपला नाही.

कॅलेंडरचा दुसरा फटका आणखी मोठा आहे. बीड, धाराशिव, जालन्याच्या अनेक तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि साधारण पाडव्याच्या सुमारास परततात. यातल्या काही बाया उरलेल्या महिन्यांत शिवणकाम करतात. तांड्यावरच्या काही जणी लमाणी भरतकाम करतात, आरसे-कवड्या लावतात. जानेवारीत गावात फिरून नमुना घेतला, तर ज्यांच्याकडे थोडी जमीन आणि स्वतःचं मशीन आहे त्याच सापडतात. अहवालात त्या ‘मराठवाड्यातल्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया’ म्हणून छापल्या जातात. सगळ्यात कमी हाती पडणाऱ्या बाया तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असतात. अशी माणसं अहवालातून गळतात, आणि त्यासाठी कुणी वाईट हेतू धरलेला असावा लागत नाही.

कामगाराच्या तोंडून का ऐकायचं, मालकाची कागदपत्रं का पुरत नाहीत, हा प्रश्न अजून विचारला जातो. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि अडीचशेहून जास्त कामगार गेले. त्याच्या काही आठवडे आधीच त्या कारखान्याला कामाच्या जागेबद्दलचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा कोसळला, अकराशेहून जास्त माणसं मेली. इमारतीला तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद झाली, शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर चढवलं. धोका त्यांना माहीत होता. ते सांगायची सुरक्षित जागा त्यांच्याकडे नव्हती. संशोधनाने निदान ती जागा तयार करावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

आपल्याकडे असे आठ-आठ मजल्यांचे शिलाई कारखाने फारसे नाहीत. आपला कपड्याचा धंदा घरांत विखुरलेला आहे. सेलू-मानवतच्या जिनिंगमध्ये सरकीपासून रुई वेगळी होते, पैठणला माग चालतात, छत्रपती संभाजीनगरात हिमरू या नक्षीदार कापडाचे मोजके कारागीर उरलेत. लातूरच्या गंजगोलाईपासून नांदेडच्या वजिराबादपर्यंतच्या बाजारांत कापड विकलं जातं आणि ते शिवलं जातं गल्लीबोळांतल्या खोल्यांत. इथले तडे भिंतीत दिसत नाहीत, हिशोबाच्या वहीत दिसतात. वही नसेल, तर तेही दिसत नाहीत.

तो हिशोब एकदा सावकाश मांडून बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, रीत खरी आहे. समजा एक बाई ठेकेदाराकडून कापलेले परकर आणते आणि नगाला ८ रुपये घेते. दिवसात ४० परकर झाले. ‘रोज किती मिळतात?’ विचारलं तर ती ३२० सांगेल, ‘किती तास?’ विचारलं तर ७ सांगेल. तासाला सुमारे ४६ रुपये पडले, असं मानून संशोधक पुढच्या घरी जाईल. आता नीट विचारा. दोन नग टाका उसवला म्हणून परत आले, १६ रुपये कापले. दोरा तिचा स्वतःचा, २४. सुई मोडते, मशीनला तेल लागतं, ६. विजेचे १०. माल आणायला आणि पोचवायला ऑटोचे ४०. उरले २२४. आता तास. मशीनवर ७ खरे, पण दोरे कापणं, नाड्या ओवणं, घड्या घालून दहा-दहाचे गठ्ठे बांधणं हे मुलीने शाळेतून आल्यावर केलं, त्याचे २ तास. ठेकेदाराच्या दारात माल मोजून घेईपर्यंत उभं राहणं आणि येणं-जाणं, दीड तास. एकूण साडेदहा. भागाकार करा: तासाला २१ रुपये आणि वर थोडे पैसे. पहिल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. बाई खोटं बोललेली नाही. जेवढं विचारलं तेवढं तिने सांगितलं.

या हिशोबात मशीनचा हप्ता धरलेला नाही. बचत गटाच्या कर्जावर मशीन घेतलं असेल, तर तोही वजा करावा लागेल. खोली तिची, खोलीचं भाडंही तिचंच. कारखान्यात हे सगळं मालकाच्या खर्चात येतं. घरी काम दिलं की तेच सगळं निमूटपणे तिच्या अंगावर ढकललेलं असतं. घरी बसून मजुरी करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला, भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. त्यामुळे आपल्याकडे अशा बाईची गणना कशी करायची हे पुष्कळदा गणना करणाऱ्याच्या समजुतीवर राहतं.

आणि ती समजूत पहिल्याच प्रश्नात घसरते. ‘तुम्ही काम करता का?’ या प्रश्नाला दिवसाला चाळीस परकर शिवणारी बाईसुद्धा ‘नाही, घरीच असते’ असं उत्तर देते. म्हणून हा प्रश्न विचारूच नये. ‘काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलं, ते क्रमाने सांगा’ असं म्हणावं आणि अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने भरत जावेत. देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची जी पाहणी केली, तिची रीतही हीच होती. रकाने भरताना एक सावधगिरी हवी. मशीन चालवता चालवता कुकरच्या शिट्ट्या मोजणं आणि लेकराला मांडीवर झोपवणं हे एकाच रकान्यात बसतं. दोन्ही लिहा. एकच लिहिलं, तर कुठलं तरी काम मारलं जातं, आणि जे मारलं जातं ते बहुधा बिनपैशाचं असतं.

पैठणच्या माग असलेल्या घरात हे आणखी ठळक दिसतं. मागावर एक माणूस बसलेला असतो, त्यामुळे यादीत एक विणकर लागतो. पण रेशीम बंगळुरूकडून आलं, जर सुरतेहून आली, की लगेच धोटा चालत नाही. रेशीम रहाटावर उकलायचं, ताण्याचा, म्हणजे उभा, एकेक धागा फणीतून ओवायचा, जुन्या ताण्याला नवा सांधायचा, बाण्यासाठी, म्हणजे आडव्या धाग्यासाठी, कांड्या भरायच्या. पदरावर मोर किंवा मुनिया विणताना प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे छोटी कांडी, लागते, त्या भरून हाताशी ठेवाव्या लागतात. एक भारी पदर विणायला महिने जातात आणि त्या सगळ्या महिन्यांत घरातली बाई, सासू, कधी लेकरंही कांड्या भरत असतात. ‘ही साडी कुणी विणली?’ या प्रश्नाला एक नाव मिळतं. ‘या कांड्या कुणी भरल्या? हा ताणा कुणी सांधला?’ असं विचारलं की घरातली बाकीची माणसं बोलायला लागतात. त्यांच्याशी वेगळं बोलायचं आणि त्यांचा मोबदलाही वेगळा द्यायचा.

लेकरांचा विषय आला की थांबून विचार करायला हवा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा घरच्या उद्योगात शाळेनंतर आणि सुटीत, धोक्याचं काम नसेल तर, मदत करू देतो. कांड्या भरणारं प्रत्येक पोर म्हणजे गुन्हा नव्हे. शाळा बुडवून बसवलेलं पोर मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याहून गंभीर म्हणजे लैंगिक अत्याचाराचा विषय. अठरा वर्षांखालच्या कुणावर अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे, संशोधकही त्यातून सुटत नाही. मग ‘तुम्ही सांगाल ते कुणाला कळणार नाही’ असं सुरुवातीला सरसकट सांगून टाकणं ही फसवणूक ठरते. काय गुप्त राहील आणि काय ठेवता येणार नाही, हे बोलणं सुरू व्हायच्या आधी सांगायचं. मोठ्या बायांच्या बाबतीत, दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या ठिकाणी किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने जिल्ह्याला स्थानिक समिती असते. तिचा पत्ता आणि फोन चालतो का, हे गावात पाऊल टाकण्याआधी स्वतः फोन लावून बघावं. बंद नंबर हातात ठेवणं हे काहीच न देण्यापेक्षा वाईट.

संमतीच्या कागदाबद्दल माझं मत जरा कडक आहे. तीन पानी छापील फॉर्म पुढे करून ‘इथं सही करा’ म्हणणं या भागात संमती घेणं ठरत नाही. कोऱ्या कागदावर अंगठा देऊन जमीन गेल्याच्या गोष्टी घराघरात ऐकलेल्या असतात. सही म्हणजे अडकणं, हे शहाणपण अनुभवातून आलेलं आहे, अडाणीपणातून नव्हे. तोंडी संमती घ्या, ती रेकॉर्ड करा आणि सहीचा हट्ट सोडा. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीला तोंडी संमतीचं कारण लिहून दिलं, तर समंजस समिती ते मान्य करते.

इथं कागद-पेन घेऊन आलेला माणूस म्हणजे कुठल्या तरी योजनेचा सर्व्हे, असा सरळ अर्थ लागतो. दुष्काळी अनुदान, ई-श्रम कार्ड, २०२४ पासून लाडकी बहीण, सगळ्यांची माणसं अशीच कागद घेऊन आली. लाडकी बहिणीला कुटुंबाच्या उत्पन्नाची अडीच लाखांची अट आहे. मग मिळकत विचारली की बाई आकडा जपून सांगणार, यात नवल काय? तेव्हा सुरुवातीलाच सांगायचं: आम्ही कोण, पैसे कोण देतं, काय विचारणार, ते कुठं छापणार आणि यातून योजना, कार्ड, मशीन, काहीही मिळणार नाही. सांगून झालं की विचारायचं, ‘मावशी, मी काय म्हणालो ते तुमच्या शब्दांत सांगा बरं.’ ती म्हणाली, ‘तुम्ही नाव लिहून घेणार अन् मशीन देणार’, तर पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदाही तेच आलं, तर पाणी पिऊन नमस्कार करून निघावं. तिच्या आशेवर मुलाखत उभी करू नये.

कोणत्या भाषेत सांगायचं, हेही आधी बघावं लागतं. संभाजीनगर, नांदेड, परभणीच्या मोहल्ल्यांत दखनी बोलतात, तांड्यावर लमाणांची गोरमाटी. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड घरात शिरलेली असते. बाजारापुरती मराठी सगळ्यांना येते, पण छातीत दाटून येतं ते किंवा नवरा पैसे काढून घेतो ते बाजारच्या भाषेत सांगता येत नाही. दुभाषा लागतोच, आणि तो ठेकेदाराच्या भाऊबंदांतला नसावा. मुका-बहिरा टेलर असेल, तर त्याच्या भावाला मध्ये बसवू नका. खुणांची भाषा जाणणारी व्यक्ती पैसे देऊन आणा. अपंगांना शिवणकाम शिकवायची आपल्याकडे जुनी रीत आहे, त्यामुळे या धंद्यात ही माणसं आहेतच. अहवालात ती दिसत नाहीत, कारण दुभाष्याचा खर्च बजेटमध्ये कुणी धरत नाही. बसायचं कुठं, हाही समावेशाचाच प्रश्न. मारुतीच्या पारावर किंवा सभामंडपात बैठक बोलावली की गावातल्या काही वस्त्या आपोआप बाहेर राहतात. त्या वस्तीत जावं, दिलेलं पाणी प्यावं, चहा घ्यावा. आलेला माणूस कुठं बसला आणि काय प्यायला, हे बघितलं जातं.

मोबदला हा भागही लाजतमुरडत उरकला जातो. काहींना वाटतं पैसे दिले की उत्तर बिघडतं. माझ्या मते न दिल्याने जास्त बिघडतं, कारण मग ज्यांना तास घालवणं परवडतं त्याच बोलतात. वरच्या हिशोबाने तासाची जी खरी मजुरी निघते ती देऊ नये, ती शोषणाची मजुरी आहे. शासनाने ठरवलेलं किमान वेतन आणि तिची तेजीतली कमाई, यांतलं जे जास्त असेल ते धरावं, वर येण्या-जाण्याचं भाडं. पैसे आधी द्यावेत आणि देताना सांगावं की मधे उठलात तरी हे तुमचेच. शेवटी दिले तर बाई नको असलेल्या प्रश्नालाही उत्तर देत बसते. फार मोठी रक्कमही नको. मोठ्या रकमेने घरात भांडणं लागतात, शेजारणीला का नाही दिले म्हणून गल्ली फुटते, आणि नाही म्हणणं अवघड होतं. रोख द्यावेत. ऑनलाइन पाठवले तर तिचं नाव नोंदीत उरतं, आणि कित्येक घरांत तो फोन नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो.

तिच्यापर्यंत पोचायचं कुणामार्फत, यात सगळ्यात जास्त चुका होतात. मालकाने दिलेल्या यादीतून पाच जणींना बोलावलं, की संध्याकाळपर्यंत कोण बोललं ते त्याला ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी माल कुणाला कमी मिळाला, हे आपल्याला कळत नाही. एखाद्या शेडमध्ये जावंच लागलं, तर सगळ्यांशी थोडं थोडं बोलावं, तेही मशीन कोणतं, कुठं शिकलात, गाव कुठलं एवढंच. खरं बोलणं नंतर, दुसऱ्या जागी, आणि ज्यांच्याशी करायचं आहे त्यांची निवड मालकाला न कळता. सोयीचा दरवाजा म्हणून लोक बचत गटाच्या अध्यक्षांकडे जातात. त्या बहुतेकदा भल्या असतात. पण कापड त्यांच्याकडूनच वाटलं जात असेल, तर त्या मैत्रीणही आहेत आणि मुकादमही. २०२४-२५ मध्ये राज्यात शाळांचे गणवेश बचत गटांकडून शिवून घेतले, तेव्हा माप चुकलं, शिलाई उसवली, वेळेत मिळाले नाहीत, अशा तक्रारींनी वर्तमानपत्रांचे रकाने भरले. कापड कधी हातात पडलं, किती दिवसांत शिवायला सांगितलं, नगाला काय ठरलं आणि कधी मिळालं, हे शिवणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय उसवलेल्या शिलाईचं कारण कळत नाही. आणि हे ती अध्यक्षांच्या अंगणात, त्यांच्या देखत, सांगणार नाही.

दुखण्याबद्दल विचारताना चित्र घेऊन जावं. स्नायू-सांध्यांच्या त्रासासाठी १९८७ पासून वापरात असलेली नॉर्डिक प्रश्नावली शरीराचे नऊ भाग दाखवते आणि गेल्या बारा महिन्यांत, गेल्या सात दिवसांत त्रास झाला का, असं विचारते. मागून काढलेली बाईची आकृती पुढे ठेवली की ती आपसूक बोट ठेवते: मान, खांदा, कंबर, पायडल मारणारा गुडघा. सात दिवसांचा प्रश्न मंदीत विचारला की दुखणं कमी भरतं, हे पुन्हा कॅलेंडरच. जिनिंगमधल्या बायांना छातीबद्दल विचारताना ‘सुटीनंतर कामावर गेल्या दिवशी कसं वाटतं?’ हा प्रश्न घालाच. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या आजारात छाती आवळणं सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त जाणवतं. नुसतं ‘खोकला येतो का?’ विचारलं तर ‘येतो कधीमधी’ एवढ्यावर भागतं. पाणी किती वेळा पिता आणि लघवीला कुठं जाता, हे बाईनेच, एकटीला विचारावं. दिवसभर पाणी टाळणाऱ्या बाया या प्रश्नावर जेवढं बोलतात तेवढं मजुरीवरही बोलत नाहीत.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली, असं समजू नये. मोजके माग असलेल्या गल्लीत ‘एक विधवा विणकर, दोन मुली’ एवढं लिहिलं की सगळ्या गावाला कळतं. ज्या गटात पाचपेक्षा कमी माणसं आहेत, त्याचं वर्णन छापू नका. तालुक्याऐवजी जिल्हा लिहा, वयाऐवजी दशक. फोटोत चेहरा झाकला तरी हातावरचं गोंदण, बांगड्या, मागची भिंत बोलते. पैठणीच्या बाबतीत आणखी एक जोखीम आहे. मागावरचं अर्धं विणलेलं नवं डिझाइन फोटोतून बाहेर गेलं, तर विणकराची साडी मागावरून उतरायच्या आत पॉवरलूमवर त्याची नक्कल निघू शकते. म्हणून नक्शाचा फोटो न विचारता काढणं हे तिजोरीत हात घालण्यासारखंच आहे. आवाजाची फाइल आणि नावांची यादी वेगळ्या ठिकाणी, कुलपात. फाइल कधी पुसणार ती तारीख संमती घेतानाच सांगायची आणि पाळायची. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे. ती आपल्याला दिलेली मोकळीक आहे, तिला दिलेलं संरक्षण नव्हे.

उलट बाजूही आहे. कित्येक कारागिरांना आपलं नाव छापून यायला हवं असतं, आणि तो त्यांचा हक्क आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या साड्या दुकानदाराच्या नावाने विकल्या गेल्या, त्यांना ‘उत्तरदाता क्रमांक १४’ करून टाकणं हा अपमान आहे. त्यांना विचारून दोन कप्पे करावेत. कसबाबद्दल, नक्षीबद्दल जे सांगितलं ते नावासह; ठेकेदार, उचल, थकलेली मजुरी यांबद्दल जे सांगितलं ते नावाशिवाय, आणि दोन्ही मजकूर एकमेकांशी जोडता येणार नाहीत असे.

मसुदा तयार झाला की तो घेऊन परत जायचं. इंग्रजी अहवालाची प्रत नव्हे. चार पानं, मोठ्या अक्षरात, त्यांच्या बोलीत, आणि वाचता येत नसेल तिथं वाचून दाखवायची. परकराचा हिशोब फळ्यावर मांडला की बाया लगेच दुरुस्त करतात: ऑटोचं भाडं दोघीत वाटतो, दोरा मोठ्या रिळाने स्वस्त पडतो, अन् रिजेक्टचे पैसे महिन्याच्या शेवटी एकदम कापतात हो. हे सगळं मसुद्यात घ्यायचं. ज्या दोघी-तिघींनी घरोघर नेऊन ओळख करून दिली, प्रश्न सुधारून दिले, त्यांना दिवसाची मजुरी आणि त्यांची इच्छा असेल तर संशोधक म्हणून नाव. एखादा निष्कर्ष त्यांना पटला नाही आणि आपला पुरावा मात्र भक्कम वाटतो, तर तो गाळू नये आणि त्यांचं म्हणणंही गाळू नये. त्यांचा आक्षेप त्यांच्या शब्दांत त्याच पानावर छापावा. या फेरीचा प्रवास, दोन दिवसांचा मोबदला, छपाई आणि दुभाषा हे निधीच्या अर्जात पहिल्याच दिवशी वेगळ्या ओळीत लिहिलेलं असावं. नाही तर मार्चअखेर पैसे संपतात आणि ही फेरी राहून जाते.